पाळीव उंदरांसाठी सुरक्षित खाऊ कसा निवडावा

घरात उंदीर पाळले आहेत असे सांगितले की पाहुण्यांचा पहिला प्रश्न "कशाला?" हा असतो आणि दुसरा "खातात काय?" हा. पहिल्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर देताना "काही द्या, सगळे खातात" असे आपण सहज बोलून जातो आणि पुढे तसेच वागूही लागतो. चहाबरोबरचे बिस्कीट, चिवड्यातला काजू, पोळीचा तुपातला पापुद्रा असे जे हातात असेल ते पिंजऱ्यात जाते, उंदीर ते आनंदाने खातो आणि त्याचे परिणाम दिसायला काही महिने लागतात. म्हणून खाऊ निवडण्याची पद्धत आधीच ठरवून घ्यावी. येथे ती फॅन्सी रॅट या नावाने विकल्या जाणाऱ्या पाळीव उंदरांसाठी दिली आहे. छोटे पांढरे माइस आणि हॅमस्टर यांचे माप वेगळे असते.

पहिली पायरी : उंदराचे वजन करा

खाऊचा विचार वजनापासून सुरू करावा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक खोलगट डबा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि उंदराला डब्यात बसवावे. पूर्ण वाढलेली मादी साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरते, तर नर ३५० पासून ५०० ग्रॅमपर्यंत आणि क्वचित त्याहूनही जास्त भरतो. हे वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, वहीत लिहून ठेवावे.

असा उंदीर दिवसाला सुमारे १५ ते २० ग्रॅम कोरडे अन्न खातो आणि त्यातून त्याला ५० ते ६० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. आता एक भाजलेला शेंगदाणा घ्या. त्याचे वजन अर्धा ग्रॅमच्या आसपास, त्यातला जवळजवळ निम्मा भाग तेलाचा आणि ऊर्जा सुमारे तीन किलोकॅलरी. म्हणजे गप्पांच्या ओघात पाच शेंगदाणे दिले तर त्या जिवाच्या दिवसभराच्या गरजेचा चौथा हिस्सा आपण उभ्या उभ्या देऊन टाकला. हे गणित मी स्वतः उशिरा केले. माझ्याकडच्या दोन उंदीर-भावांपैकी तिळ्या हा अंगाने सडपातळच राहिला, पण गुळ्या मात्र तीन महिन्यांत ४३० ग्रॅमवरून ५६० ग्रॅमवर गेला आणि फळीवर उडी मारण्याऐवजी खाली बसून वर पाहू लागला. तो आळशी झाला आहे असे मी सर्वांना कौतुकाने सांगत असे.

खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. लठ्ठ किंवा वयस्क उंदरासाठी पाच टक्के पुरेसे आहेत. मोजून खाणाऱ्या उंदरांना जास्त आयुष्य लाभते, ही गोष्ट फार जुनी आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पोषक द्रव्ये पुरेशी पण उष्मांक कमी असलेल्या आहारावरचे उंदीर पोटभर खाणाऱ्या उंदरांपेक्षा जास्त जगले होते. घरी कोणी उंदराला उपाशी ठेवावे असा याचा अर्थ नव्हे, पण दोन-तीन वर्षांचेच आयुष्य असलेल्या प्राण्याच्या बाबतीत मूठ आवरती ठेवणे श्रेयस्कर.

दुसरी पायरी : मुख्य आहार आधी बसवा

रोजचा आहार समतोल नसेल तर खाऊची निवड कितीही काळजीपूर्वक केली तरी फारसा उपयोग होत नाही. उंदरांसाठीच्या तयार पेलेटचा, म्हणजे सर्व घटक एकत्र दाबून केलेल्या खाद्यदाण्यांचा, हा फायदा असतो की प्रत्येक दाण्यात सर्व घटक सारखेच असतात. रंगीबेरंगी मिश्र खाद्यात उंदीर आधी सूर्यफुलाच्या बिया आणि मका वेचून खातो व बाकीचे तसेच ठेवतो, आणि वाटी रिकामी दिसली नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. पेलेट मिळत नसल्यास कोणते धान्य, कोणती डाळ आणि किती प्रथिने हे उंदीर-सशांसारखे लहान प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.

तिसरी पायरी : उंदराला उलटी होत नाही, हे लक्षात ठेवा

निवडीचा सगळा काटेकोरपणा या एका गोष्टीमुळे आवश्यक ठरतो. कुत्रा किंवा मांजर नको ते पोटात गेले तर ओकून टाकू शकते. उंदराची अन्ननलिका जठराला मिळते तिथली घट्ट रचना आणि मेंदूत त्या क्रियेसाठी लागणाऱ्या यंत्रणेचा अभाव यांमुळे एकदा गिळलेले परत येत नाही. म्हणूनच उंदीर अनोळखी पदार्थाचा आधी अगदी लहानसा कण चाखतो, मग थांबतो आणि काही त्रास झाला नाही तरच पुढे खातो. पाळीव उंदरात ही सावधगिरी बरीच कमी झालेली असते, विशेषतः पदार्थ ओळखीच्या हाताने दिला असेल तर.

चिकट पदार्थांचा धोकाही इथूनच येतो. पीनट बटरचा गोळा, ताज्या पावाचा ओलसर गर, साबुदाण्याची गुठळी किंवा चिक्कीचा पाक घशाशी अडकला की उंदीर हनुवटी छातीशी ओढून घेतो, पुढच्या पंजांनी तोंड खरवडतो आणि त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते. गुळ्याला हे एकदा चमचाभर पीनट बटरमुळे झाले. अशा वेळी पिंजऱ्यातले अन्न-पाणी काढून घ्यावे, खोलीत शांतता ठेवावी आणि उंदराला हलवू-झटकू नये. बहुतेक वेळा तो स्वतःच ते सोडवतो. श्वास लागत असेल, नाक-पंजे निळसर दिसू लागले किंवा लाळ थांबत नसेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. पीनट बटर द्यायचेच असेल तर बोटावर जेमतेम तेलकट थर दिसेल इतकेच, पाण्यात पातळ करून द्यावे.

चौथी पायरी : ओट्यावरच खाऊ शोधा

दुकानात मिळणाऱ्या दह्याच्या गोळ्या, मधात घोळलेल्या कांड्या आणि रंगीत बिस्किटे यांच्या पाकिटामागची घटकांची यादी वाचली तर साखर वरच्या दोन-तीन नावांत सापडते. त्यापेक्षा आपले स्वयंपाकघर पुष्कळ बरे.

रोजच्या खाऊसाठी माझी पहिली पसंती राजगिऱ्याच्या लाह्यांना आहे. लाही वजनाला नगण्य असते, तिच्यात मीठ-तेल नसते आणि ती तोंडात लगेच विरघळते. तिळ्याच्या तळहातावर चारच बोटे, अंगठ्याच्या जागी नुसता खुंट. तरीही तो एकेक लाही दोन्ही हातांच्या बोटांत पकडून फिरवत, टोकाकडून कुरतडत खातो, आणि दहा लाह्या संपवायला त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. एक शेंगदाणा तो पळवून नेऊन क्षणात संपवतो. खाऊ देण्याचा हेतू सहवास हा असेल तर लाहीचा हिशेब आपल्या बाजूने आहे. ज्वारीच्या लाह्या आणि बिनमिठाचे चुरमुरे हेही असेच उपयोगी पडतात.

भाज्यांपैकी काकडी, गाजर, मटार, ब्रोकोली, लाल भोपळा आणि कोबीचे पान थोडे थोडे देता येते. मटार उथळ ताटलीतल्या पाण्यात सोडले तर उंदीर हात घालून ते बाहेर काढतात आणि उन्हाळ्यात हा खेळ त्यांना फार आवडतो. मोड आलेले मूग आणि मटकी चांगली, मात्र मोडांना आंबूस वास येत असेल तर ती टाकून द्यावी. रताळे उकडूनच द्यावे. दुधी देण्याआधी कच्च्या फोडीला स्वतः जीभ लावून पाहावी. कडू दुधी माणसालाही विषारी ठरतो आणि शिजवल्याने तो सुरक्षित होत नाही. फळांपैकी सफरचंद बिया काढून, केळे, पपई, कलिंगड, डाळिंबाचे दाणे आणि सीताफळाचा किंवा चिकूचा बिया काढलेला गर चालतो, पण फोड करंगळीच्या नखापेक्षा मोठी नसावी. प्रथिनांसाठी आठवड्यातून एकदा-दोनदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा किंवा बिनमसाल्याच्या चिकनचे दोन धागे द्यावेत.

कुरतडण्यासाठी न फोडलेला अक्रोड हा उत्तम खाऊ आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि कवच फोडण्यात त्याचे दोन-दोन दिवस मजेत जातात. गर तेलकट असल्यामुळे महिन्यातून एखादाच द्यावा.

पाचवी पायरी : काय टाळायचे ते पक्के करा

फरसाण, वेफर्स, पापड, लोणचे, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा आणि लसूण यांना पूर्ण फाटा द्यावा. शीतपेयही देऊ नये, कारण पोटातला वायू ढेकर देऊन बाहेर काढणे उंदराला जमत नाही. सुकट, सोडे, सुके बोंबील यांच्या वासाने उंदीर वेडे होतात, पण त्यांतले मीठ पाहता ते न दिलेलेच बरे. कच्चा राजमा व कच्चे वाल, हिरवट झालेला किंवा कोंब फुटलेला बटाटा, कच्चे अळू व सुरण, अ‍ॅव्होकॅडोची साल व बाठा, सफरचंदाच्या आणि सीताफळाच्या बिया, कडू बदाम या सर्वांत त्रासदायक किंवा विषारी द्रव्ये असतात.

शेंगदाण्याबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे शेंगदाणा नसलेले घर विरळा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि शोध घेता त्यांच्या खाद्यातल्या बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग गेला. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख झाली. तीच पेंड प्रयोगशाळेतल्या उंदरांना घातली तेव्हा त्यांच्या यकृतात गाठी झाल्या. उंदीर या विषाला विशेष बळी पडतो आणि भाजल्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. तेव्हा सुरकुतलेला, काळपट, खवट वासाचा किंवा पावसाळ्यात सादळलेला दाणा देऊ नये. ताजे, चांगले भाजलेले, बिनमिठाचे दाणे आठवड्यातून दोन-तीन इतकेच द्यावेत, तेही अर्धे करून. बुरशीचा हाच नियम शिळी पोळी, पाव आणि मक्याच्या कणसालाही लावावा. बुरशीचा भाग काढून उरलेले देऊ नये.

संत्र्या-मोसंब्याबाबत नर आणि मादी असा फरक करावा लागतो, ही गोष्ट ऐकणाऱ्याला प्रथम थट्टा वाटते. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतल्या तेलात लिमोनीन हे द्रव्य असते. नर उंदराच्या यकृतात एक खास प्रथिन तयार होते, त्याला हे द्रव्य चिकटते आणि ते मूत्रपिंडात साचून इजा करते. दीर्घकाळच्या प्रयोगांत नरांना मूत्रपिंडाचा कर्करोगही झालेला आढळला आहे. मादीत किंवा माणसात त्या प्रथिनामुळे होणारा हा प्रकार घडत नाही. म्हणून घरात नर असतील तर नागपुरी संत्रे कितीही गोड निघाले तरी त्याची फोड आणि साल पिंजऱ्यापासून दूर ठेवावी. आंबाही साल काढूनच द्यावा.

सहावी पायरी : एका वेळी एकच नवा पदार्थ

नवा पदार्थ तांदळाच्या कणीएवढा द्यावा आणि पुढचे दोन दिवस दुसरे काही नवे देऊ नये. लेंड्या पातळ झाल्या, नाका-डोळ्यांभोवती तांबूस स्राव जास्त दिसू लागला किंवा उंदीर कोपऱ्यात अंग फुगवून बसला, तर तो पदार्थ बंद करावा. तो तांबूस स्राव रक्त नसून पोर्फिरिन नावाचे रंगद्रव्य असते, पण उंदराला त्रास होत असल्याची ती खूण आहे. जुलाब दिवसभरात थांबले नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे. इतक्या लहान शरीरातले पाणी फार लवकर कमी होते.

सातवी पायरी : देण्याची जागा आणि वेळ ठरवा

खाऊ पिंजऱ्याच्या गजांतून कधीही देऊ नये. गजांतून आत आले ते खायचेच असते, असे उंदीर लवकर शिकतो आणि पुढे कोणा लहान मुलाचे बोट आत आले की त्यालाही दात लावून पाहतो. दार उघडून, तळहातावर ठेवून द्यावा आणि ओला किंवा पातळ खाऊ चमच्याने द्यावा. हाक मारल्यावर येणे, पिशवीत बसणे, औषधाची सिरिंज चाटणे हे सर्व खाऊच्या मोबदल्यात शिकवता येते. कंबोडियात भूसुरुंग हुंगून काढणारा आणि २०२० साली प्राण्यांसाठीचे सुवर्णपदक मिळवणारा मगावा हा आफ्रिकेतल्या पिशवीगाल्या उंदरांच्या जातीचा, म्हणजे आपल्या पाळीव उंदरांचा दूरचा नातेवाईक. पण तोही खाऊच्याच बोलीवर तयार झाला होता. शिकवताना तुकडा मसुराच्या डाळीएवढा पुरतो, कारण उंदीर तुकड्यांची संख्या पाहतो, आकार पाहत नाही.

उंदीर खाल्ल्यापेक्षा जास्त लपवतो. झोपायच्या कापडाखाली, नळीच्या आत, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या घडीत त्याची कोठारे असतात. ओला खाऊ दिल्यानंतर दोन-तीन तासांनी ही ठिकाणे चाचपून उरलेले काढून टाकावे. मे महिन्यात आणि पावसाळ्यात यात हयगय करू नये. कोरडा साठा मात्र थोडा राहू द्यावा, कारण सगळे कोठार एकदम लुटले गेले की तो अधिकच जोमाने लपवू लागतो.

गणपतीतली सोय

वर्षातले सर्वांत अवघड दहा दिवस भाद्रपदात येतात. घरी येणारा प्रत्येक जण पिंजरा पाहून हात जोडतो आणि हातातला मोदक गजांकडे नेतो. उकडीच्या मोदकाच्या सारणात खोबऱ्याचे तेल आणि गूळ दोन्ही भरपूर असतात, वर तुपाची धार असते, आणि पारी चिकट असते. दिवसाला पंधरा पाहुणे म्हटले तर काय होईल याचे गणित वर आलेच आहे. "वाहनाला नैवेद्य नाही म्हणता?" या प्रश्नावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आम्ही त्या दिवसांत पिंजऱ्याशेजारी राजगिऱ्याच्या मोजक्या लाह्यांची एक चांदीची वाटी ठेवतो, येणाऱ्याला चिमटीने एकच लाही घ्यायला सांगतो आणि पिंजऱ्याचे दार स्वतः उघडून देतो. वाटी रिकामी झाली की त्या दिवसापुरता खाऊ संपला.