गावठी नागलीच्या वाणाची नोंदणी: या चुका टाळा

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात नागली (नाचणी), वरई आणि भाताचं गावठी बियाणं अजून घराघरात जपलेलं आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार ते ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदवता येतं. अर्ज एक शेतकरी, गट किंवा गाव असं कोणीही करू शकतं आणि त्याला शुल्क नाही. तरीही अर्ज अडतात, आणि त्याचं मूळ बहुधा खळ्यात असतं.

खळ्यातलं बी थेट पाठवणं

नागलीत परपरागीकरण, म्हणजे दुसऱ्या झाडाचे परागकण येणं, फार कमी. भेसळ होते ती एकाच खळ्यावर दोन वाण मळल्यानं, नाहीतर गेल्या वर्षी सांडलेलं बी उगवल्यानं. नोंदणीआधीच्या शेतातल्या चाचणीत वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता पाहतात. शेतकरी वाणाला भेसळीच्या झाडांची मर्यादा दुप्पट मिळते, पण तेवढ्यावर विसंबू नका. उभ्या पिकातून शंभरेक कणसं निवडा, प्रत्येक कणीस वेगळं मळा आणि पुढच्या खरिपात एका कणसाची एक ओळ लावा. जी ओळ वेगळी दिसेल ती अख्खी काढून टाका. निवडताना सर्वात मोठं कणीस शोधण्याचा मोह आवरा. वाणाचं नेहमीचं रूप दाखवणारं कणीसच हवं, नाहीतर हातात दुसराच वाण राहील. बी वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. बुरशीनाशक चोळू नका, चाचणीला प्रक्रिया न केलेलंच बी लागतं. किती बी पाठवायचं ते पिकानुसार ठरतं. त्या पिकाची मार्गदर्शिका पाहूनच पिशवी भरा.

‘चवीला गोड, भाकरी मऊ’ एवढंच वर्णन

हे खरं असलं तरी चाचणीच्या शेतात मोजता येत नाही. लिहायला हवं ते असं: पेरणीपासून निम्मी झाडं निसवायला (कणीस बाहेर पडायला) किती दिवस लागतात, उंची, पेऱ्यावर रंग आहे का, कणसाची बोटं किती, मूठ मिटलेली की उघडी, दाण्याचा रंग. शेजारच्या ओळखीच्या वाणापेक्षा फरक कुठे, हे दोन खरिपांच्या नोंदींवरून सांगा.

नाव आणि मालकी

फक्त आकड्यांचं नाव चालत नाही. नुसत्या गावाच्या नावालाही अडचण येते; ते प्रामाणिक वापरातलं आहे असं निबंधकाला (नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला) पटलं तरच मान्य होतं. अख्ख्या पाड्यानं राखलेला वाण एकाच्या नावावर टाकू नका. अन्याय तर आहेच, शिवाय कलम ४१ खाली समुदायाच्या योगदानाचा दावा उभा राहू शकतो. अर्जावर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, राहुरी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी यांपैकी एकाचं समर्थन लागतं.

एका कागदाला दुसरा समजणं

भौगोलिक मानांकन, उदाहरणार्थ लासलगाव कांद्याचं, त्या भागाशी जोडलेल्या नावाला संरक्षण देतं, बियाण्याला नाही. लोक जैवविविधता नोंदवहीतली (गावातल्या वनस्पती, वाण आणि त्यांच्या माहितीच्या वहीतली) नोंद चांगला पुरावा ठरते, पण वाणावरचा हक्क तिच्यानं मिळत नाही. आणि नोंदणीकृत वाणाचं बी शेतकऱ्यानं ठेवणं, पेरणं, देणं-घेणं, विकणं याला कलम ३९ ची मुभा आहे. मनाई आहे ती वाणाचं नाव छापून, पिशवीत बांधून विकण्याला.

पाहुण्याला बी देऊन विसरणं

कंपनीसाठी कोणी नमुना मागितला तर तारीख, वजन, उद्देश आणि घेणाऱ्याचं नाव लिहून घ्या, त्याच बियाण्याची एक सीलबंद पुडी स्वतःकडे ठेवा आणि जैवविविधता समितीला कळवा.

पत्र न पाहणं

अर्ज जाहीर झाल्यावर तीन महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणून पत्ता असा द्या जिथे टपाल पावसाळ्यातही पोचतं, आणि पत्र उघडायची जबाबदारी गटातल्या एकाला नाव घेऊन द्या.