बोटीच्या इंजिनाचं मॉडेल करायला बसण्याआधी

लेथ आणि मिलिंगवर तुमचा हात बसलाय आणि ड्रॉइंग वाचता येतं, असं धरूनच लिहितोय. मी कुपवाड एमआयडीसीत टर्नर आहे. ड्यूटी सुटल्यावर मिरजेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं बोटीच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करत होतो. त्यातले अकरा आठवडे एका चुकीत गेले. त्याची बोच अजून आहे.

इंजिन लिबर्टी बोटीचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मालवाहू जहाजाचं. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेनं अशा २,७१० बोटी बांधल्या. एका साच्यातलं काम असल्यानं मापं सापडतात. तीन सिलिंडर, व्यास २४.५, ३७ आणि ७० इंच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तिन्हींचा ४८ इंच. वाफ एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. दाब उतरत जातो म्हणून पिस्टन मोठा होत जातो. मिनिटाला ७६ फेऱ्यांना २,५०० अश्वशक्ती. मी १:२४ प्रमाण घेतलं, कारण फुटाला अर्धा इंच येतो, स्ट्रोक बरोबर दोन इंच बसतो आणि हिशेबात डोकं शिणत नाही. मोठा सिलिंडर ७४ मिमी, लहान २६. खरं इंजिन सुमारे १३५ टनांचं. वजन २४ च्या घनानं उतरतं, म्हणजे १३,८२४ नं भागा. दहा किलोच्या आसपास येतं. एकट्याला उचलता येतं.

प्रमाण सगळ्यालाच लावू नका. क्लिअरन्स, म्हणजे फिरत्या भागांमधली मोकळी जागा, २४ नं भागलात तर काहीच फिरणार नाही. दीड इंची बोल्ट १.६ मिमीचा होतो, त्याचे नट बाजारातले लावले तर डोकी बेढब दिसतात. मी षटकोनी पितळी दांडीतून स्वतः काढले.

आता ती चूक.

क्रँकशाफ्टखाली सहा बेअरिंगं, प्रत्येक क्रँकच्या दोन्ही अंगाला एकेक. बेडप्लेटवर, म्हणजे इंजिनाच्या पायाच्या प्लेटवर, पहिल्या बेअरिंगचा सेंटर धरला, तिथून दुसरा मोजला, दुसऱ्यापासून तिसरा, असं शेवटपर्यंत. दरवेळी मिलिंगच्या टेबलाचा डायल शून्यावर आणायचो. एकेक अंतर तपासलं तेव्हा ५०-६० मायक्रॉन जास्त यायचं. एवढं चालतं, म्हणून पुढे गेलो. पण अंतरं पाच होती आणि सगळी एकाच बाजूला वाढलेली. शेवटच्या बेअरिंगपर्यंत ०.३ मिमी साठले. वर सिलिंडरांचे सेंटरही तसेच एकापुढे एक मोजलेले, तिथे ०.१ कमी पडले. दोन्ही मिळून मोठ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड ०.४ मिमीच्या आसपास तिरका उभा राहिला.

हे आधी कळत नाही, हेच वाईट. सुटा पार्ट मोजा, बरोबर येतो. पहिला सिलिंडर जोडा, छान फिरतो. दुसरा थोडा जड लागतो, तेल कमी असेल वाटतं. तिसरा जोडला की क्रॉसहेड (पिस्टनचा दांडा आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा, सरळ सरकणारा भाग) अडकतो, आणि तोवर दीड वर्षाचं काम टेबलावर उभं असतं.

म्हणून सांगतो: बेडप्लेटची एक कड आधी घासून सरळ करा आणि त्या एकाच कडेपासून सहाही सेंटर मोजा. पहिला ३०, दुसरा ५२, तिसरा ८१, जे काही असेल ते, पण सगळी मापं त्या कडेपासूनची. मग प्रत्येक सेंटरची चूक त्याच्यापुरती राहते, पुढच्यात मिसळत नाही. सिलिंडरांच्या तळालाही तीच कड, त्याच बाजूची. मधे डायल शून्य करू नका. टेबल नेहमी एकाच दिशेनं आणा. पुढे गेलात तर भरपूर मागे घेऊन परत या, नाहीतर स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधली ढिलाई, मापात शिरतो. ड्रॉइंगमध्ये मापं साखळीसारखी दिली असली तरी आधी कागदावर सगळी एका कडेपासूनची करून घ्या. एक संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

मी आधी पळवाट शोधली. एका जाणत्या माणसानं सांगितलं, ‘बुश (बेअरिंगमधली नळी) थोडा मोठा कर, जातंय.’ केला. फिरलं, पण दर फेरीला ठोका येऊ लागला. ‘जातंय’ म्हणणाऱ्याला गुरू करू नका, मग त्याच्या हाताखालून कितीही पोरं गेलेली असोत. मला उपयोग झाला तो आमच्या जुन्या फिटर काकांचा. ते बोलत नाहीत. निळा रंग लावून शाफ्ट बसवायचे, काढायचे, टेकलेला ठिपका दाखवायचे आणि तो खरवडायला स्क्रेपर माझ्या हातात द्यायचे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलं असेल, तसंच. किंचित काढायचं, परत बघायचं. नवी बेडप्लेट अशीच झाली.

थ्रीडी प्रिंटवाल्यांशी माझं भांडण नाही. रेलिंग, जिने, हँडव्हील खुशाल प्रिंट करा. बेअरिंग आणि क्रॉसहेडच्या वाटेला मात्र जाऊ नका, प्लास्टिकवर स्क्रेपर शिकता येत नाही.

आयटीआय, डिप्लोमाची पोरं विचारतात, दादा, मर्चंट नेव्हीत याचा उपयोग काय? मॉडेल बघून कुणी जहाजावर घेत नाही. कोर्स आणि परीक्षा चुकत नाहीत. पण आजच्या मोठ्या टू-स्ट्रोक डिझेलमध्येही बेडप्लेट, क्रॉसहेड आहेतच. ते काय काम करतात हे तुम्हाला हातानं कळलेलं असेल. मला टूलरूमची जागा मिळाली, तेव्हा मुलाखतीत अर्धा तास या बेडप्लेटवरच बोलणं झालं.

आणि घाबरू नका. वाया गेलेला पार्ट दुसऱ्यांदा निम्म्या वेळात होतो. माझे अकरा आठवडे गेले ते जुनी प्लेट वाचवण्याच्या हट्टात. नवी तेवीस दिवसांत झाली.

जोडणी झाली की लगेच वाफेऐवजी हवेवर चालवायला कॉम्प्रेसर लावू नका. फ्लायव्हील हातानं फिरवा, एकेक सिलिंडर जोडत, दरवेळी वीस-पंचवीस फेऱ्या. मी तिसरा जोडला तेव्हा शेडमधला पंखा बंद केला आणि कान लावून बसलो. क्रॉसहेड खाली गेला, वर आला. ठोका नव्हता. परत फिरवलं, आणि मग काकांना फोन केला.