घरच्या घरी जुनी लुना परत चालू करायची असेल तर

मामांची, शेजारच्या काकांची नाहीतर भंगारवाल्याकडून उचललेली लुना दारात आली की डोक्यात पहिला विचार रंगाचाच येतो, कुठला शेड मारायचा, स्टिकर कुठे मिळतील, सीट कव्हर कोण शिवून देईल. माझं म्हणणं एवढंच आहे की रंगाचा विषय आत्ता काढूच नका. आधी कागद, मग इंजिन, मग चाकं-ब्रेक आणि रंग एकदम शेवटी. चकाचक रंगवलेली पण इंजिनचं काम अर्धवट सोडलेली गाडी हौस फिटली की परत त्याच कोपऱ्यात जाऊन पडते, आणि ते बघायला फार वाईट वाटतं, कारण लुना ही चालवायची गाडी आहे, दिवाणखान्यात ठेवायची नाही.

लुना आली १९७२ साली, एच. के. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची, पियाजिओच्या चाओ मोपेडचं लायसन्स घेऊन बनवलेली. ५० सीसी, टू स्ट्रोक, गिअर नाही, पॅडल मारा आणि निघा. पुढे टीएफआर, डबल प्लस, सुपर, मॅग्नम अशी बरीच मॉडेलं निघाली, आणि इथेच लोक फसतात, कारण एकाचा पार्ट दुसऱ्याला बसेलच असं नाही. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट शोधायला जाल तेव्हा जुना पार्ट पिशवीत घेऊनच जा, नुसतं "लुनाचा ऑईल सील द्या" म्हणालात तर दुकानदार देईल तो नंबर बरोबर असेलच याची गॅरंटी नाही.

कागदांचं आधी बघा. आरसी बुक हातात आहे का, नाव कुणाचं आहे, आणि चासीवरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) नंबर आरसीशी जुळतो का हे तपासल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. १५ वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, ते दर ५ वर्षांनी, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाइन दिसतच नाही, मग आरटीओत बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवणं) करून घ्यावी लागते, याला वेळ जातो म्हणून इंजिन खोलायच्या आधीच अर्ज टाकून ठेवा. ५० वर्षं उलटलेल्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज रजिस्ट्रेशनचे वेगळे नियम आहेत, नंबरमध्ये "व्हीए" अक्षरं येतात, पण मग ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात ठेवावं लागतं. भाजी आणायला लुना हवी असेल तर साधं रिन्युअलच बरं. आणि हे लक्षात ठेवा, चासी नंबरवर कुणालाही ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग मारू देऊ नका. जाड टेपचे दोन-तीन थर चिकटवून तो भाग झाका, आणि त्याआधी कागद ठेवून पेन्सिलने नंबरचा छाप घेऊन ठेवा, तपासणीच्या वेळी कामाला येतो.

आता खोलायला घ्या. मोबाईलवर प्रत्येक पायरीचे फोटो काढा, वायरिंगचे तर दोन्ही बाजूंनी, आणि नट-बोल्ट छोट्या पिशव्यांत भरून वर चिठ्ठी टाका. गंजलेल्या नटाशी कुस्ती खेळू नका, रस्ट स्प्रे मारून रात्रभर सोडा, सकाळी परत मारा, मग पाना लावा. मॅग्नेट (क्रँकच्या म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या टोकावरचं, करंट तयार करणारं चाक) काढायला पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं हत्यारच लागतं. हातोड्याने बाजूने ठोकून मॅग्नेट सुटतंही, पण क्रँक वाकते किंवा मॅग्नेटला तडा जातो, आणि जुन्या लुनाचं चांगलं मॅग्नेट मिळवणं हे सगळ्यात कटकटीचं काम आहे. पुलर शंभर-दोनशेचा असो की पाचशेचा, तो घ्याच.

पेट्रोलची टाकी घराबाहेर, मोकळ्या हवेत रिकामी करा, जवळ गॅस, विडी-सिगरेट, ग्राइंडर काही नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, त्यामुळे टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंगचा विचारसुद्धा करू नका. आतला गंज काढायला सायट्रिक ॲसिड (लिंबू सत्व, किराणा दुकानात मिळतं) गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि एक दिवस ठेवा, जाड पापुद्रे असतील तर मूठभर नट टाकून हलवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आत थोडं टू टी ऑईल (टू स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑईल) फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत तांबूस थर दिसायला लागतो.

इंजिनमध्ये सगळ्यांचं लक्ष पिस्टन-रिंगकडे असतं. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) घासलेला असेल तर लेथवाल्याकडून बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त आधी पिस्टन हातात घ्या आणि मग त्याच्या मापाने बोअर करायला सांगा, उलटं नाही. रिंग बसवताना तिची दोन टोकं पिस्टनच्या खाचेतल्या छोट्या पिनवर बरोबर आली पाहिजेत, टू स्ट्रोकमध्ये रिंग फिरली तर टोक पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकून तुटतं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या बाजूला. गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) सर्कलिप, म्हणजे पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या रिंगा, नव्याच टाका, आणि टाकताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा, कारण उडालेली सर्कलिप नेमकी आतच जाते.

पण खरं इंजिन मरतं ते क्रँकच्या ऑईल सीलमुळे, आणि यावर मी थोडं जास्तच लिहिणार आहे. टू स्ट्रोक इंजिनचं क्रँककेस म्हणजे पंपासारखं काम करतं, पिस्टन वर गेला की पेट्रोल-ऑईलचं मिश्रण आत ओढलं जातं, खाली आला की वर ढकललं जातं. वीस-तीस वर्षं उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होतं, त्याच्या कडेने बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं म्हणजे पेट्रोल कमी आणि त्याबरोबर ऑईलही कमी. गाडी सुरुवातीला तर छान पळते, उलट जास्तच तडफदार वाटते, आणि मग चढावर नवाकोरा पिस्टन पकडतो, म्हणजे गरम होऊन सिलिंडरमध्ये जाम होतो. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नसेल, आपोआप वाढत असेल तर गाडी तिथेच बंद करा, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसू नका, हवा कुठून तरी आत येतेय. त्यामुळे इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही बाजूंचे सील बदला, जुने कितीही चांगले दिसले तरी. बसवताना ओठाला थोडं ऑईल लावा आणि सील सरळ दाबून बसवा, तिरपा गेला तर नवीन असूनही लीकच.

जोडणी झाल्यावर घरीच टेस्ट करता येते. एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पट्टी लावून बंद करा, प्लग घट्ट बसवा, कार्बोरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा व्हॉल्व्हसकट क्लिपने आवळा आणि सायकल पंपाने अगदी हळू हवा भरा, ५-६ पीएसआय पुरे, जास्त नको नाहीतर सीलच बाहेर येईल. मग ब्रशने साबणाचं पाणी लावा, हेड, ब्लॉकचा गॅस्केट, क्रँककेसचा जोड, दोन्ही सील. जिथे बुडबुडा फुगतो तिथे काम बाकी आहे. मॅकॅनिककडे एवढा वेळ कुणी देत नाही, घरच्या वर्कशॉपचा खरा फायदा हाच आहे.

कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक असलेला पितळी स्क्रू) उजेडात धरून बघा, भोक गोल दिसलं पाहिजे. साफ करायला तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मासेमारीचा नायलॉन धागा घाला. करंट येत नसेल तर आधी पॉइंट (मॅग्नेटखालचा, स्पार्कसाठी उघडझाप करणारा स्विच) साफ करा, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पॉइंटवर काळा थर बसतो, बारीक पॉलिश पेपर फिरवून मग कोरा कागद ओढून घ्या, गॅप ०.४ मिमीच्या आसपास ठेवा. तरी स्पार्क पिवळा, मरतुकडा असेल तर कंडेन्सर बदला, स्वस्त आहे. निळा, कडकडीत स्पार्क हवा.

सायलेन्सर विसरू नका. "पिकअपच नाही" म्हणणाऱ्या कितीतरी लुनांचा सायलेन्सर आतून कार्बनने चोंदलेला असतो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला तर निघतो, हातात ग्लोव्हज आणि डोळ्याला चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमचा कुठलाही पार्ट त्या पाण्यात जाता कामा नये, विरघळतो.

ब्रेक शू, केबल, टायर-ट्यूब नवीनच टाका, यात पैसे वाचवू नका. चाकांच्या तारा एकेक वाजवून बघा, जी बद्द वाजते ती सैल.

इथपर्यंत आल्यावर गाडी न रंगवता महिनाभर चालवा. सुरुवातीच्या टाक्यांना लिटरला ४० मिली टू टी ऑईल मिसळा, फुल ॲक्सिलरेटर नको, लांब चढ नको. प्लग काढून बघत राहा, कॉफीसारखा तपकिरी रंग म्हणजे ठीक, पांढरट दिसला तर मिश्रण पातळ आहे, परत सील आणि गॅस्केट तपासा, काळा ओला असेल तर ऑईल किंवा पेट्रोल जास्त जातंय. पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट आमनेसामने थोडे थोडे करून परत टाइट करा. या महिन्यात जे काही गळायचं, ढिलं व्हायचं असेल ते कळतं, आणि परत खोलावं लागलं तरी नवीन रंगावर पान्याचे ओरखडे पडत नाहीत.

मग रंग. मूळ रंग सीटखाली किंवा आतल्या बाजूला कुठेतरी शाबूत सापडतो, तो तुकडा पेंटवाल्याला दाखवून शेड मॅच करून घ्या. जुना बॅज, मूळ हेडलाइटची काच, मडगार्ड वाकलेलं असलं तरी फेकू नका, डेंटिंग करून घ्या, कारण आता बाजारात मिळणारा डुप्लिकेट पत्रा पातळ असतो आणि भोकं जागेवर येत नाहीत.