कथकच्या क्लासची बॅग: ओली घुंगरं आत कोंडू नका

सामान तसं थोडंच लागतं. घुंगरांची जोडी, ओढणी, चार सेफ्टी पिना, दोन सुती नॅपकिन, पाण्याची बाटली, वही-पेन्सिल, केसांचे रबरबँड आणि परतताना घालायला एक कोरडा कुर्ता. दागिने नि मेकअप घरीच राहू द्या.

जड असतात ती घुंगरं. एका पायाला शंभर धरली तरी जोडी दोन किलोच्या आसपास जाते, आकाराप्रमाणे थोडी कमी-जास्त. म्हणून दोन पट्ट्यांची सॅकच घ्या आणि घुंगरं तळाशी, पाठीच्या बाजूला ठेवा. एका खांद्यावर झोळी लटकवून लोकलमध्ये उभं राहिलात तर मान धरणारच.

आता खरी गोम. क्लास सुटला की सगळ्यांना घाई असते. घुंगरं सोडायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकायची, वर घामट कुर्ता कोंबायचा आणि पुढच्या क्लासलाच बॅग उघडायची. घुंगरांची वाट लागते ती इथे. कथकची घुंगरं सुती दोरीत ओवलेली असतात आणि तासभर तत्कार (कथकचं पायकाम) केल्यावर ती दोरी घामाने ओलीचिंब होते. पितळेत तांबं असतं. घामातलं मीठ आणि ओल त्याला लागली की हिरवट थर चढतो. दोरीही आतून कुजते, आणि तेही गाठीपाशी, म्हणजे वरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस चक्कर घेताना दोरी तुटते. सुटलेल्या घुंगरावर अनवाणी पाय पडला तर तळव्याला चांगलीच जखम होते.

म्हणून घुंगरं सोडल्या सोडल्या कोरड्या नॅपकिनने पुसा. प्रत्येक पायाची वेगळी गुंडाळी करा, मोकळं टोक तिच्याभोवती फिरवून खोचा आणि दोन वेगळ्या सुती पिशव्यांत ठेवा. एकाच पिशवीत टाकलीत तर पुढच्या वेळी गुंता सोडवण्यात तुमचा क्लासच्या सुरुवातीचा नमस्कार चुकेल. घरी पोचल्यावर हातपाय धुण्याआधी ती बाहेर काढा, पंच्यावर लांब पसरा, रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि सकाळी उलटवा. जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीत वाळत नाहीत, दुसरा दिवसही द्या. गाठ चिमटीत दाबून बघा. गार लागली तर अजून ओल आहे. बोटाला हिरवी भुकटी लागली तर दोरी बदलायची वेळ जवळ आलीय.

चिंचेच्या पाण्यात बुडवायचा सल्ला हमखास मिळेल. ऐकू नका. पितळ चकाकतं, पण आंबट पाणी गाठींत मुरून दोरी खातं. चिंच किंवा पितांबरी वापरायची ती दोरी बदलताना, घुंगरं सुटी असतील तेव्हाच.

एवढं वाचून धास्ती घेऊ नका. दोरी गेली तरी घुंगरं जात नाहीत, पुन्हा ओवली की वर्षानुवर्षं चालतात. सॅकच्या छोट्या कप्प्यात एक दाभण आणि मीटरभर सुती दोरी ठेवा, क्लासमध्ये तात्पुरतं भागतं. वेल्क्रोच्या पट्ट्यांच्या नादी मात्र लागू नका. बांधायला सोप्या असतात, पण दोरी घोट्यावर घट्ट गुंडाळायची सवय लागत नाही. आणि दुकानदार म्हणतो म्हणून सुरुवातीलाच एका पायाला दोनशे घुंगरांची जोडी घेऊ नका. संख्या कधी वाढवायची ते तुमचे पाय बघून गुरूच सांगतील.

वही घुंगरांपासून लांब, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. नुसत्या मोबाइल रेकॉर्डिंगवर विसंबून राहू नका. तोडा (नाचाच्या बोलांची छोटी रचना) शिकवला की मधल्या सुट्टीतच तो मात्रांसकट, म्हणजे तालाच्या मोजणीसकट, लिहा. तिहाई (शेवटी तीनदा येणारा बोलांचा तुकडा) नेमक्या कुठल्या मात्रेवरून उठते हे घरी पोचेपर्यंत डोक्यातून जातं, आणि रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला कुणी बसत नाही.

चपला बाहेरच्या कप्प्यात, वेगळ्या पिशवीत. त्यांच्याशेजारी घुंगरं ठेवलेली कुठल्याच गुरूंना खपत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला जाताना प्रवेशपत्र वहीच्या फोल्डरमध्येच ठेवा. गाठी तपासायच्या त्या आठवडाभर आधी. नवी दोरी ताणून बसायला दोन-तीन क्लास लागतात.