दोन विमानतळांमधलं हवाई अंतर कसं काढायचं

नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर निघत नाही. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून (गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून) जातो आणि नेहमीच्या सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हा प्रवास मर्केटर या नेहमीच्या सपाट नकाशावरच्या सरळ रेषेने केला, तर सुमारे ५,७६० किमी भरतो. बृहद्वृत्तावरून तोच ५,५४० होतो.

आधी अक्षांश-रेखांश दशांश अंशांत घ्या. हीथ्रो: ५१.४७००, −०.४५४३. जेएफके: ४०.६४१३, −७३.७७८१. दक्षिण आणि पश्चिम नेहमी ऋण. शहराचा नव्हे, विमानतळाचा कोड बघून आकडे घ्या. ‘एलओएन’ हा अख्ख्या लंडनचा कोड आहे, हीथ्रोचा ‘एलएचआर’.

आता हॅवरसाइन सूत्र, म्हणजे गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं सूत्र:

१. अक्षांशांतला फरक १०.८२८७°. त्याच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग: ०.००८९०३.
२. रेखांशांतला फरक ७३.३२३८°. त्याच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग ०.३५६५१९. याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा: ०.१६८५१८.
३. दोन्हींची बेरीज ०.१७७४२१, तिचं वर्गमूळ ०.४२१२१.
४. त्याचा व्यस्त साइन (ज्या कोनाचा साइन तेवढा येतो तो कोन) रेडियनमध्ये, म्हणजे अंशांऐवजी वापरायच्या कोनाच्या मापात: ०.४३४७८. याला २ × ६,३७१ (पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किमीमध्ये) ने गुणलं की ५,५४० किमी. सागरी मैल हवे असतील तर १.८५२ ने भागा: सुमारे २,९९१.

गणित अवघड नाही, घोळ होतो तो आकडे भरताना. एक्सेलला कोन रेडियनमध्येच लागतात. अंश तसेच दिले तर उत्तर भलतंच येतं, पण ते लगेच लक्षात तरी येतं. खरा धोका पटण्यासारख्या चुकीचा. ५१°२८′१२″ म्हणजे ५१.४७, ते ५१.२८१२ असं लिहिलं की विमानतळ २१ किमी दक्षिणेला सरकतो. हीथ्रोच्या रेखांशाचं ऋण चिन्ह राहिलं तर साधारण ६० किमी वाढतात आणि कुणाला शंकाही येत नाही. मार्ग १८० रेखांश ओलांडत असेल तर मात्र वेगळं काही करावं लागत नाही. वर्ग घेतल्यामुळे सूत्र ते सांभाळून घेतं.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. लंबगोल धरून मोजणारी साधनं याच मार्गासाठी पंधराएक किमी जास्त दाखवतात. तुमचं उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आत जुळलं तर चूक शोधत बसू नका.

विमान प्रत्यक्षात याहून जास्तच उडतं. धावपट्टीची दिशा, ठरलेले हवाई मार्ग, वारा, उतरण्याआधीच्या घिरट्या हे सगळं त्यात येतं. उत्तर अटलांटिकवरचे आखीव मार्ग तर वाऱ्यानुसार रोज बदलतात. कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबासाठी आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) पद्धत बृहद्वृत्तीय अंतरात ठरावीक भर घालते: ५५० किमीपेक्षा कमी असेल तर ५०, ५५० ते ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५ किमी. त्या हिशेबाने आपलं उदाहरण ५,६६५ किमीवर जातं.