टाकीत आधी काय होते? रासायनिक टँकरच्या तपासणीत येणाऱ्यांसाठी

घातक रसायने वाहून नेणाऱ्या टँकरच्या तपासणीचे काम करू इच्छिणारे तरुण बहुधा यांत्रिकी अभियांत्रिकीकडून येतात आणि टाकीकडे दाब सोसणारे एक पोलादी भांडे म्हणून पाहतात. रसायनशास्त्राकडून येणारे थोडे असतात आणि त्यांना टाकीपेक्षा तिच्यातील द्रव अधिक परिचयाचा असतो. या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दुसऱ्या गटातील माणसाला वेल्डिंग आणि धातू शिकवणे तुलनेने सोपे जाते. पहिल्या गटातील माणसाला मात्र ‘या टाकीत याआधी काय होते?’ हे सर्वांत आधी विचारण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. नियमांची रचना कशीही असो, तपासणी कोणती, किती वर्षांनी आणि कोणत्या पद्धतीने करायची हे बव्हंशी या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरते.

माझ्या उमेदवारीच्या काळात एक ज्येष्ठ तपासनीस टँकर आवारात आला की कशालाही हात न लावता आधी त्याच्याभोवती एक फेरी मारत. ‘साहेब, टाकी धुऊन, सुकवून आणली आहे,’ असे चालकाने सांगितले की ते म्हणत, ‘धुतलीत ते बरं केलंत. पण धुण्याआधी काय होतं आणि त्याच्या आधी काय होतं, तेवढं सांगा.’ मागच्या काही फेऱ्यांचे मालाचे कागद आणि धुलाईचा दाखला हातात पडेपर्यंत ते मॅनहोलचे झाकण उघडू देत नसत. आम्हा नवख्यांना हा कागदी सोपस्कार वाटे. त्यामागचे कारण धातू आणि रसायन यांच्या नात्यात आहे, आणि नव्या माणसाने सर्वाधिक वेळ द्यावा तो याच विषयाला.

सल्फ्युरिक आम्लाचे उदाहरण घ्यावे. सुमारे ९८ टक्के तीव्रतेचे आम्ल साध्या पोलादाच्या टाकीतून नेता येते, कारण पोलादाच्या पृष्ठभागावर लोह सल्फेटचा थर बसतो आणि तो पुढची झीज मंदावतो. तेच आम्ल पाण्याने पातळ झाले की पोलाद झपाट्याने खाल्ले जाते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. म्हणजे रिकाम्या टाकीच्या तळाशी राहिलेले थोडे आम्ल आणि धुताना आत राहिलेले पाणी यांची गाठ पडली, तर भरलेल्या टाकीपेक्षा ‘धुतलेली’ टाकी अधिक धोकादायक ठरते, आणि तशा टाकीवर कोणी वेल्डिंगची ठिणगी पाडली तर स्फोट होऊ शकतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे तंत्र वेगळेच आहे: ते साधे पोलादही खाते आणि नेहमीचे स्टेनलेस स्टीलही, म्हणून आतून रबराचे अस्तर असलेली किंवा फायबरची टाकी वापरावी लागते, आणि तिथे तपासणीचा भर धातूच्या जाडीपेक्षा अस्तराच्या अखंडतेवर असतो. अस्तराला टाचणीएवढे भोक असले तरी ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. उच्च दाबाच्या विजेचा ब्रश अस्तरावरून फिरवला की नेमक्या त्या जागी ठिणगी उडते. निर्जल अमोनियामुळे तांबे आणि पितळ खराब होतात, म्हणून त्या टँकरवर पितळी जोडणी दिसली तर काम तिथेच थांबवावे. शिवाय ताणाखाली असलेल्या पोलादात अमोनियामुळे केसासारख्या बारीक भेगा पडतात, ज्या जाडी मोजणाऱ्या यंत्राला सापडत नाहीत आणि चुंबकीय कणांच्या चाचणीने उघड होतात.

मालाची ओळख वाहनावरच लिहिलेली असते आणि ती वाचता येणे ही या कामाची बाराखडी आहे. घातक पदार्थांचे नऊ वर्ग आणि चार अंकी संयुक्त राष्ट्र क्रमांक जगभर मान्य आहेत: पेट्रोलला १२०३, निर्जल अमोनियाला १००५, क्लोरीनला १०१७, तीव्र सल्फ्युरिक आम्लाला १८३०, हायड्रोक्लोरिक आम्लाला १७८९. युरोपीय पद्धतीच्या नारिंगी पाटीवर या क्रमांकाच्या वर धोक्याचा आकडा असतो. पेट्रोलचा ३३ हा त्यात ठळक, कारण अंक दोनदा आला की धोका तीव्र समजायचा, आणि आकड्याआधी एक्स हे अक्षर असले की त्या पदार्थावर पाणी मारायचे नाही. पाठ करण्यासारखे यात फार नाही. रोजच्या वापराने ते अंगवळणी पडते. पाटी, मालाचा कागद आणि टाकीच्या धातूवर ठोकलेली निर्मात्याची पट्टी या तिन्हींवरील माहिती एकमेकींशी जुळते का, एवढे मात्र प्रत्येक वेळी पाहायचे. रिकामा पण न धुतलेला टँकर पाटी काढून किंवा झाकून धावत असेल तर तोही दोषच धरावा, कारण आतली वाफ अजून तशीच असते.

देशोदेशीचे नियम तपशिलात भिन्न असले तरी एकाच घराण्यातले आहेत. घातक मालाच्या रस्ता वाहतुकीविषयीचा युरोपीय करार १९५७ साली जिनिव्हात झाला, १९६८ साली अमलात आला आणि दर दोन वर्षांनी त्यात सुधारणा होते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ घातक मालाच्या वाहतुकीविषयी आहेत आणि चालकाच्या विशेष प्रशिक्षणाची अट नियम ९ मध्ये आहे. अमेरिकेच्या नियमांत मालवाहू टाक्यांची बाह्य तपासणी आणि गळती चाचणी साधारणपणे दरवर्षी, तर आतील तपासणी आणि दाब चाचणी पाच वर्षांनी असते. अस्तर नसलेल्या टाकीतून धातू खाणारा माल जात असेल तर जाडी दर दोन वर्षांनी मोजावी लागते. कोणता माल जातो यावर अपवाद बदलतात, त्यामुळे तक्ता पाठ करून पुरत नाही, सोबतच्या टिपाही वाचाव्या लागतात.

जाडी मोजणे हे नवख्यांकडे हमखास सोपवले जाणारे काम आहे, आणि ते दिसते तितके यांत्रिक नाही. यंत्र आधी ज्ञात जाडीच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर जुळवून घ्यावे लागते, पृष्ठभागावर जेल लावावे लागते, आणि रंगाचा थर मोजमापात मिसळत नाही ना हे पाहावे लागते. मोजायचे कुठे, याचे उत्तर पुन्हा मालात असते. तळाचा भाग, निचऱ्याच्या नळीची मुळे, वेल्डच्या कडा, टाकीला चेसिसशी जोडणाऱ्या पट्ट्यांच्या आसपासचा भाग आणि द्रवाची पातळी नेहमी जिथे येते ती रेषा या जागा कधीही वगळू नयेत. एका टाकीवर तळाचे सगळे आकडे उत्तम येत होते. बाजूला, द्रवपातळीच्या रेषेवर, मात्र हाताची चार बोटे मावतील एवढ्या रुंदीचा एक पट्टा अनुज्ञेय किमान जाडीच्या खाली गेला होता, कारण दर फेरीत टाकी ठरावीक पातळीपर्यंतच भरली जात होती आणि द्रव व हवा यांच्या सीमेवर गंज धरत होता. त्यावर नुकताच दिलेला पांढरा रंग सुरेख दिसत होता. तपासणीच्या तोंडावर ताजा रंग पाहिला की माझी शंका वाढते, आणि ती वाढू द्यावी असे मी नव्यांनाही सांगतो.

व्हॉल्व्हविषयी थोडक्यात सांगतो. तळाचा अंतर्गत व्हॉल्व्ह टाकीच्या आत बसतो, म्हणजे अपघातात बाहेरची नळी तुटली तरी तो बंद राहतो; दुरून बंद करण्याची कळ प्रत्यक्ष ओढून पाहावी, ती आहे एवढे पाहून पुढे जाऊ नये. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडावर किड्यांनी मातीचे घर केलेले किंवा रंगाने झाकण चिकटलेले मी पाहिले आहे, आणि या दोन्ही गोष्टी फक्त वर चढल्यावरच दिसतात.

भरण्याच्या नियमांकडे तपासनीसाने दुर्लक्ष करू नये, जरी ते चालकाचे किंवा भरणा केंद्राचे काम मानले जाते. युरोपीय नियमांनुसार, ७,५०० लिटरपेक्षा मोठे कप्पे असलेली आणि आत आडभिंती नसलेली द्रवाची टाकी सर्वसाधारणपणे एकतर ८० टक्क्यांहून अधिक भरलेली असावी, नाहीतर २० टक्क्यांहून कमी. अर्धवट भरलेल्या टाकीत द्रव वळणावर एका बाजूला धावतो आणि वाहन उलटवतो, हे त्यामागचे कारण. अति भरणेही तितकेच घातक. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनमधील लॉस अल्फाकेस या पर्यटक तळाजवळ प्रोपिलीन या द्रवरूप ज्वालाग्राही वायूचा टँकर फुटून पेटला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. सुमारे १९ टनांची मर्यादा असलेल्या टाकीत २३ टनांहून अधिक माल भरलेला होता. द्रवरूप वायू तापला की प्रसरण पावतो, आणि वर वाफेला जागा उरली नसेल तर टाकीवरील दाब कल्पनेपलीकडे जातो.

उतरवताना होणारे अपघात वेगळ्या जातीचे असतात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात अॅचिसन येथे टँकरमधील सल्फ्युरिक आम्ल चुकून सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या द्रावणाच्या) टाकीत गेले आणि क्लोरीनयुक्त वायूचा ढग गावावर पसरला. शंभराहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. टँकरमध्ये दोष नव्हता. दोन्ही नळ्यांची तोंडे शेजारी शेजारी आणि दिसायला सारखी होती. म्हणून मी उतरवण्याच्या जागेची पाहणीही अहवालात घेतो: तोंडांवर नावे आहेत का, प्रत्येकाला स्वतंत्र कुलूप आहे का, जोडण्यांचे आकार वेगळे ठेवले आहेत का. ज्वालाग्राही मालाच्या बाबतीत अर्थिंगची तार रंगावर नव्हे तर उघड्या धातूवर लागली आहे का, आणि नळीचे तोंड द्रवात बुडेपर्यंत प्रवाह सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवला जातो का, हेही पाहावे.

टाकीच्या आत उतरणे हा या कामातील सर्वांत गंभीर भाग आहे आणि तिथे अनुभवापेक्षा शिस्त कामास येते. आत जाण्यापूर्वी आधी प्राणवायू, मग ज्वालाग्राही वाफ, मग विषारी वायू या क्रमाने मोजणी करायची, कारण ज्वालाग्राही वाफ मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला नीट काम करण्यासाठी प्राणवायू लागतो. प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान आणि वाफ पेट घेण्याच्या किमान पातळीच्या १० टक्क्यांहून कमी असावी, हे सर्वत्र वापरले जाणारे आकडे आहेत. मोजणी वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी करायची, कारण बहुतेक वाफा हवेपेक्षा जड असतात. नायट्रोजन भरून ठेवलेली टाकी विशेष फसवी: तिच्यात वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, आणि माणूस काही कळण्याआधीच कोसळतो. बाहेर थांबलेल्या सोबत्याने अशा वेळी आत उडी मारायची नाही. आतल्या माणसाच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीने त्याला वर खेचायचे आणि मदत बोलवायची. हा नियम ऐकताना निर्दय वाटतो, पण बंदिस्त जागेतील अनेक दुर्घटनांत पहिल्याला वाचवायला धावलेलाच दुसरा बळी ठरलेला आहे. टाकीत उतरण्याच्या परवानापत्रावर सही करणाऱ्याने घाई केली, तर त्या दिवशी आत जाणे नाकारावे. मी नाकारले आहे, वाहनमालक चिडले आहेत, आणि त्याने माझे काही बिघडले नाही.

अहवालात ‘समाधानकारक’ या एका शेऱ्यावर भागवण्याचा मोह होतो. त्याऐवजी प्रत्येक बिंदूचा आकडा, यंत्र जुळवल्याची तारीख, मागील मालाचे नाव आणि सापडलेल्या दोषाचे छायाचित्र द्यावे. पुढच्या तपासनीसाला झिजेचा वेग काढायचा असतो आणि त्यासाठी दोन तारखांचे दोन आकडे लागतात. दोष किरकोळ असला तरी चालकाला तो जागेवर बोट ठेवून दाखवावा. वाहनाची खडानखडा माहिती त्यालाच असते, आणि त्याला आरोपीसारखे वागवले तर ती माहिती आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

पात्रतेचा प्रश्न नवे लोक नेहमी विचारतात. अमेरिकी नियमांत नोंदणीकृत तपासनीसासाठी अभियांत्रिकीची पदवी आणि एक वर्षाचा अनुभव, किंवा दोन वर्षांची सहयोगी पदवी आणि दोन वर्षे, किंवा शालान्त शिक्षण आणि तीन वर्षे अशी सोय आहे, आणि घातक मालाशी संबंधित प्रशिक्षण दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावे लागते. इतरत्र अटी निराळ्या असल्या तरी शिक्षण कमी असेल तर अनुभव अधिक, हे तत्त्व समजण्यासारखे आहे. निवड हाती असेल तर पहिली नोकरी चाचणी केंद्रात न घेता धुलाई केंद्रात किंवा भरणा केंद्राच्या फाटकावर घ्यावी, असे माझे मत आहे. पगार कमी असेल आणि अंगाला वासही लागेल, पण तिथे एका महिन्यात जितक्या निरनिराळ्या मालाच्या टाक्या उघड्या पाहायला मिळतात, तितक्या चाचणी केंद्रात वर्षभरातही मिळत नाहीत.