फोल्डर उघडताच फाइल एक्सप्लोरर बंद पडतो?

विंडोजमध्ये फोटो-व्हिडिओंनी भरलेलं एखादं ठरावीक फोल्डर उघडलं की फाइल एक्सप्लोरर (फोल्डर आणि फाइली दाखवणारा प्रोग्रॅम) गोठतो किंवा आपोआप बंद होतो. अशा वेळी लगेच अख्खा कॉम्प्युटर बंद करू नका.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. चालू प्रोग्रॅम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडेल. त्याच्या यादीत 'विंडोज एक्सप्लोरर'वर (फाइल एक्सप्लोररचंच इथलं नाव) राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडा. टास्कबार क्षणभर गायब होईल, घाबरू नका. बाकीचे प्रोग्रॅम चालूच राहतात.

२. तरी तेच होतंय? स्टार्टमध्ये 'फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स' शोधा. 'व्ह्यू'मध्ये 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स'वर टिक करा. अनेकदा एखाद्या बिघडलेल्या व्हिडिओचं छोटं चित्र (थंबनेल) बनवतानाच गाडी अडते. तो व्हिडिओ सापडला की दुसरीकडे हलवा आणि टिक काढा.

फाइल कॉपी होत असेल तर मात्र रीस्टार्ट नको, कॉपी अर्धवट राहते.